रस्ता धक्क्यावर संपत नाही : अलिबाग–रेवस मार्गासाठी खुले पत्र

प्रति,
अलिबाग–रेवस राज्यमार्ग, त्याच्या टोकाचे धक्के आणि या वाटेवरची बससेवा ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी,

स. न. वि. वि.

साहेब आणि मॅडम, मी याच रस्त्याच्या कडेला राहते. धोकवडे मागे पडलं आणि रेवसच्या दिशेने खारा वास यायला लागला की आमचं घर येतं. ३१ वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं मिनीडोरच्या, म्हणजे इथल्या तीनचाकी वडापच्या, मागच्या बाकावर बसून या रस्त्याने ये-जा केली. आता निवृत्त आहे, तरी रस्ता सुटलेला नाही. दवाखाना, बँक, बाजार, मुंबईची लेक, सगळं याच रस्त्याने. म्हणून हे पत्र.

रस्ता लांबीने लहान, जेमतेम २०–२२ किलोमीटर. अलिबाग सोडलं की थळ, चोंढी, किहीमचा फाटा, झिराड, धोकवडे, मग डावीकडे मांडव्याची वाट फुटते आणि सरळ गेलं की रेवस. पुढे धरमतरची खाडी. नकाशा पाहणाऱ्याला वाटतं, इथे रस्ता संपला. आम्हाला तसं कधीच वाटलं नाही. रेवसहून लाँच मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाते, आणि तरीची बोट समोर उरणच्या बाजूला करंजाला जाते. मांडव्याहून गेटवेच्या बोटी आहेत, गाड्या नेणारी रो-रो बोट आहे. मुंबईला गाडीरस्त्याने जायचं तर वडखळ, पेण, पनवेल करत शंभरेक किलोमीटर तुडवायचे. पाण्याने तीच मुंबई तास-दीड तासावर. आमच्या सासऱ्यांच्या पिढीपासून इथली माणसं मुंबईला ‘जाऊन येतात’ ती या पाण्याच्या भरवशावर. लाँच मिळाली तर रस्ता चांगला, चुकली तर वाईट, अशी आमची साधी मोजणी आहे.

कागदोपत्री मात्र या एका प्रवासाचे तीन तुकडे आहेत. डांबर एका खात्याचं, धक्का दुसऱ्याचा, बस तिसऱ्याची. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरतं काम करत असेलही. पण गाडीतून उतरून बोटीत बसेपर्यंत, किंवा बोटीतून उतरून गाडी मिळेपर्यंत, जो वेळ जातो तो कुणाच्याच हिशेबात धरलेला नाही. आमचा सगळा त्रास त्या वेळात आहे.

मागच्या वर्षीचं सांगते. आमच्या यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर डोक्याला हादरा बसू द्यायचा नाही. पुढच्या तपासणीची तारीख नेमकी पौर्णिमेला आली. मी तेव्हाच बोटांवर मोजलं आणि मनात म्हटलं, परतताना पंचाईत होणार. किनाऱ्यावरच्या लोकांना हा हिशेब माहीत असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला पाणी पार तळाला जाणार, आणि उधाणाची सुकती असल्याने भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांपेक्षा कितीतरी जास्त खाली जाणार.

तसंच झालं. दुपारी निघालेली लाँच रेवसपर्यंत आली आणि धक्का हाकेच्या अंतरावर असताना तिचा तळ गाळाला टेकला. लाँच चालवणाऱ्या तांडेलाचा काही दोष नव्हता, तो वेळेवर निघाला होता. पाणीच नव्हतं. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले हे, दोन म्हाताऱ्या कोळणी रिकाम्या टोपल्यांवर टेकलेल्या, एक बाळंतीण आणि तिची आई, कॉलेजची चार-पाच मुलं, आम्ही सगळे समोर आपला धक्का बघत बसून राहिलो. दिवे लागले. पाणी चढून लाँच धक्क्याला लागली तेव्हा सात वाजून गेले होते. बाहेर आलो तर बस निघून गेलेली, मिनीडोरवाले घरी गेलेले. ओळखीच्या मुलाला फोन करून गाडी मागवली. पुढची काही किलोमीटर यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ठेवलं होतं, खड्ड्यात चाक गेलं तरी मान हलू नये म्हणून. मी ड्रायव्हरला ‘हळू, हळू’ म्हणत होते आणि तो म्हणत होता, ‘बाई, याहून हळू घेतली तर बंदच पडेल.’

ही कुणाविरुद्ध तक्रार म्हणून सांगत नाही. सांगते एवढ्यासाठी की त्या संध्याकाळी जे घडलं त्यातलं काहीही अचानक आलेलं नव्हतं. पौर्णिमा पंचांगात असते. भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापून तयार असतं. आमच्याकडची निरक्षर कोळीणही ते तोंडपाठ म्हणते. तरीही बसचं वेळापत्रक घड्याळावर चालतं आणि लाँच चंद्रावर, आणि दोघांची गाठ घालून देणारा कुणी नाही. महिन्यातून अमावस्या आणि पौर्णिमेच्या पुढे-मागे मिळून सहा-सात दिवस ही अडचण येणार, हे आजच कागदावर मांडता येईल. त्या दिवसांपुरती शेवटची बस लाँच लागेपर्यंत रेवसला थांबवून ठेवायला नवा रस्ता लागत नाही, नवा निधीही लागत नाही. अलिबाग स्थानकात, चोंढी नाक्यावर आणि दोन्ही धक्क्यांवर एकेक फळा लावा. त्यावर त्या दिवसाची भरती, सुकती आणि शेवटच्या बोटीची वेळ खडूने लिहा. फळ्यावर रोज स्वच्छ अक्षरात लिहायला माणूस मिळत नसेल तर रेवसचा फळा मी लिहीन. इतकी वर्षं तेच केलं आहे.

गाळाचं काम याहून मोठं, हे मला कळतं. अंबा आणि पाताळगंगा या दोन्ही नद्या आपलं पाणी धरमतरच्या खाडीत आणतात आणि सोबत मातीही आणतात. रेवसचा धक्का त्या मुखाशीच आहे. एकदा गाळ काढून मोकळं होण्यासारखं हे काम नाही, घरातल्या केरासारखा तो नियमाने काढावा लागणार. तो खर्च रस्त्याच्या देखभालीतच धरा, एवढंच माझं म्हणणं आहे. डांबरावर पैसे घातले आणि त्याच्या टोकाला बोटच लागली नाही, तर ते डांबर कुणासाठी?

या पाण्याला आम्ही हलकं समजत नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, ‘रामदास’ ही आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघाली ती रेवसलाच येत होती. सणाला घरी परतणारी माणसं होती तीत. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे दुपार उलटेपर्यंत मुंबईला पत्ताही नव्हता. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतली मासळी टाकून माणसं वर ओढली. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यानंतर कित्येक दिवस या रस्त्यावर रडण्याचे आवाज यायचे, कारण घरी आणलेली प्रेतं इथूनच बैलगाड्यांनी गावोगाव गेली. गटारीला आमच्या घरी अजूनही दिवा लावताना सासूबाई क्षणभर खाडीकडे तोंड करून उभ्या राहतात. म्हणून पावसाळ्यात बोटी बंद ठेवता त्याबद्दल आमची कुरकुर नाही. जीव मोठा.

पण बोटी बंद झाल्या की माणसं कुठे जातात, हेही पाहा. जून ते ऑगस्ट गेटवे–मांडवा बोटी थांबतात. मग सगळा भार मोठ्या रो-रोवर आणि रस्त्यावर येतो, आणि नेमके तेच तीन महिने रस्ता सर्वांत वाईट असतो. तो का वाईट असतो, हे मी जवळून पाहिलं आहे, ते जरा सविस्तर सांगू द्या.

आमच्याकडे पाऊस वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पडतो. तो पूर्वीही पडायचा. पूर्वी डोंगराकडून आलेलं पाणी भातखाचरांत उतरायचं, खाचरांतून बांधाच्या खांडीतून पुढे सरकायचं, रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जायचं आणि शेवटी खाडीला किंवा समुद्राला मिळायचं. रस्ता बांधणाऱ्या जुन्या माणसांनी या मोऱ्या उगाच ठेवल्या नव्हत्या. प्रत्येक मोरी कुठल्या तरी शेताच्या वाटेवर आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत रस्त्याकडेची खाचरं विकली गेली, त्यावर दोन-तीन फूट भराव पडला, चिरेबंदी कुंपणं उभी राहिली, आत बंगले झाले. कुंपणाचा पाया मोरीच्या तोंडावरच आला. पाण्याला जायला जागा राहिली नाही, म्हणून ते रस्त्यावर राहतं. डांबराचा आणि पाण्याचा उभा दावा. पाणी साचलं की खडी सुटते, खडी सुटली की वरून जाणारं प्रत्येक चाक ती बाहेर फेकतं, आणि चार दिवसांत ताटाएवढा खड्डा परातीएवढा होतो. गणपतीच्या तोंडावर त्यात खडी आणि माती टाकतात. पुढच्या सरीत ती माती वाहून पुन्हा मोरीतच जाऊन बसते.

आमच्या घराशेजारी एक मोरी आहे. दगडी, बुटकी, लहानपणी मुलं तिच्यातून आरपार सरपटत जायची. तिच्या बाजूच्या भिंतीवर मी दरवर्षी सर्वांत जास्त पाणी चढलं त्या दिवशी गेरूने रेघ ओढते आणि शेजारी साल लिहिते. ११ रेघा झाल्या आहेत. पहिली माझ्या गुडघ्याच्या खाली आहे. मागच्या पावसातली कमरेला लागते. पाऊस काही दर वर्षी चढता नव्हता, मध्ये दोन वर्षं तर कमी पडला होता. तरी रेघ खाली आली नाही. कारण मोरीचं पलीकडचं तोंड आता जवळजवळ बुजलं आहे. वरचा थर कितीदा नवा केला तरी खालचं पाणी वाट मागणारच. तेव्हा कृपा करून पुढच्या कामाची सुरुवात डांबरापासून करू नका. अलिबागपासून रेवसपर्यंत मोऱ्या मोजा, त्यातल्या किती मोकळ्या आहेत ते पाहा, ज्यांच्या कुंपणाखाली तोंडं गेली आहेत त्यांना नोटिसा द्या. त्यात आमच्या आळीतलं एखादं घर निघालं तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट गाड्यांची. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. आजारी माणूस गाडीतल्या गाडीत मुंबईला नेता येतो, पावसातही बोट चालते, हे लहान सुख नाही. पण एका फेरीत शंभरावर मोटारी येऊ शकतात. त्या एकामागून एक उतरतात आणि एकदमच रस्त्याला लागतात. रस्ता काही एकदम रुंद होत नाही. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी चोंढी नाक्यावर उभं राहून पाहा. भाजीवाल्या, दूधवाले, शाळेची मुलं, रुग्णवाहिका, बैलगाडी असेल तर तीही, आणि मुंबईच्या मोठाल्या गाड्या. पायी चालणाऱ्याला साईडपट्टी नाही. जिथे आहे तिथे ती डांबरापासून वीतभर खाली आहे, त्यामुळे समोरून गाडी आली की सायकलवरचा पोरगा खाली उतरायच्या ऐवजी आडवा होतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा हात असाच मोडला. ती डावखुरी होती आणि डावाच हात मोडला. सहामाहीचा पेपर तिने उजव्या हाताने लिहिला, ओळी खाली उतरत गेलेल्या, तरी पूर्ण.

पाहुण्यांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळे इथल्या पोरांना काम आहे. मागणी इतकीच की बोटींच्या वेळा ठाऊक आहेत, तर त्या तासापुरता चोंढीला आणि झिराडला वाहतूक सांभाळणारा माणूस असावा, आणि साईडपट्टी भरून डांबराच्या पातळीला आणावी. चालणाऱ्याला जागा मिळाली की अर्धे अपघात टळतील असं मला माझ्या डोळ्यांनी पाहून वाटतं.

आता पुढचं, आणि माझ्या काळजीचं. करंजा–रेवस पुलाबद्दल अंतुलेसाहेब मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकत आलो. रेवसपासून थेट रेड्डीपर्यंतचा सागरी महामार्ग, त्यातला हा पहिला पूल. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासरे म्हणाले होते, ‘सूनबाई, दोन-चार वर्षांत पुलावरून माहेरी जाशील.’ माहेर उरणचं. सासरे गेले, माझे केस पिकले. आता काम खरोखर हाती घेतलं आहे, तर मनापासून बरं वाटतं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. म्हणजे आज रेवसहून तरीने करंजाला उतरलं की उरणला गाडीत बसता येतं. आमच्या कॉलेजच्या मुलांनी ही वाट केव्हाच धरली. सकाळच्या तरीत दुचाक्या आणि दप्तरं यांचीच गर्दी असते.

पूल झाला की शिवडीहून निघालेली गाडी अटल सेतूवरून उरण, उरणहून करंजा आणि तिथून सरळ रेवसला उतरेल. आणि रेवसला उतरून ती कुठे जाईल? याच रस्त्यावर. धोकवडे, झिराड, चोंढी, थळ. आज शनिवार-रविवारी जे होतं ते रोज होईल. पुलाचा आराखडा करताना पुलाच्या पायथ्यापासून पुढे काय, हे तितक्याच बारकाईने मांडलं आहे का, ते आम्हाला दाखवा. बाहेरून जाणारी वेगळी वाट काढणार असाल तर ती कुणाच्या शेतातून जाते, मोबदला किती, हे ग्रामसभेत येऊन सांगा. हाच रस्ता रुंद करणार असाल तर तेही सांगा. गावात कुजबुज चालते, दलाल येऊन जातात, जमिनी हातोहात जातात, आणि ज्याची जमीन आहे त्याला सर्वांत शेवटी कळतं.

रुंदीकरण झालंच तर झाडांचाही विचार करा. किहीमला सालीम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, तो इथल्या झाडाझुडपांच्या भरवशावर. बाजूच्या सासवण्यात शिल्पकार करमरकरांचं घर आणि त्यातली शिल्पं आहेत. थळहून दिसणारा खांदेरी किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. ही सगळी माणसं आणि ठिकाणं आम्ही मुलांना शिकवली, सहलीला चालत नेऊन दाखवली, चिंचेच्या आणि वडाच्या सावलीतून. भर उन्हात ती वाट चालायला लागली तर पुढच्या बाई मुलांना नेणार नाहीत.

आणि एक विनंती आजच करून ठेवते. पूल झाला म्हणून तरीची बोट आणि लाँच बंद करू नका. पुलावरून ज्याच्याकडे गाडी आहे तो जाईल. टोपली घेऊन निघालेली कोळीण, पास काढलेला विद्यार्थी आणि तपासणीला निघालेला म्हातारा यांना तिकीट काढून बसता येईल असं काहीतरी हवंच. पुलावरून बस सुरू होऊन ती नियमाने धावू लागेपर्यंत तरी पाण्याची वाट चालू राहू द्या.

मी मागितलेल्या सगळ्या गोष्टी एका वर्षात होणार नाहीत, हे मला समजतं. गाळ, पूल, रुंदीकरण यांना वेळ लागेल. पण फळा, उधाणाच्या दिवसांतली बस आणि मोऱ्या ही कामं यंदाच्या पावसाआधी होण्यासारखी आहेत. मोऱ्यांच्या पाहणीला माणसं पाठवाल तेव्हा त्यांना म्हणावं, धोकवडे सोडल्यावर उजव्या हाताला गेरूच्या रेघा असलेली दगडी मोरी दिसेल, तिच्यामागचं घर आमचं. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते मी बरोबर येऊन दाखवीन. फक्त साफ करताना त्या रेघा तेवढ्या पुसू नका. यंदाची त्यांच्या खाली ओढायची आहे.

आपली,
रस्त्याकडेची एक निवृत्त शिक्षिका
धोकवडे–रेवस, ता. अलिबाग, जि. रायगड